दारातले पस्तीस सेकंद

वेळ हीच आधुनिक नगराची खरी संपत्ती होय, आणि जलद रेल्वे ही त्या संपत्तीची अहोरात्र राखण करणारी नगराची रक्तवाहिनी होय.

‘शहरी जलद रेल्वे : एक ओळख’ या बत्तीस पानी पुस्तिकेचं हे पहिलं वाक्य. ते लिहायला लेखकाला तीन आठवडे लागले. रक्तवाहिनी राखण कशी करणार, असं त्याला कोणी विचारलं नाही, कारण पुस्तिका चाळीस हजार लोकांना वाटली गेली असली तरी वाचली कोणीच नाही. ज्यांनी ती तपासून मंजूर केली त्यांनीही नाही.

लेखक मुळात लेखक नव्हताच. तो वेळापत्रक विभागाचा अधिकारी होता. वय बावन्न, केस अर्धे, मनगटावर घड्याळ आणि खिशात आणखी एक. आयुष्याची वीस वर्षं त्यानं बस कंपनीत वेळापत्रकं केली होती, आणि शहरातली पहिली जलद रेल्वे उभी राहायला लागली तशी तिच्या कचेरीत येऊन बसला होता. तिथे त्याला सगळे सेकंदराव म्हणायचे. पुस्तिका त्याच्या गळ्यात पडली, कारण बैठकीत ‘कोण लिहील?’ असं विचारलं गेलं तेव्हा तो घड्याळाकडे बघत होता आणि बाकीचे सगळे जमिनीकडे.

पुस्तिकेत सगळं होतं. रूळ रस्त्याच्या वर का घेतले, गाडी विजेवर कशी चालते, तिकीट फाटकाला कसं टेकवायचं, सरकत्या जिन्यावर उभं कुठे राहायचं. एकच गोष्ट त्यात नव्हती, आणि सेकंदरावाच्या मते खरी गोष्ट तीच होती. लोकांना वाटतं जलद रेल्वे जलद असते ती वेगामुळे. तसं काही नसतं. ऐंशीचा वेग कोणीही घेतं. जलद रेल्वे जलद होते किंवा रखडते ती दारात. पाहुणे आठ वाजता ‘चला, निघतो’ म्हणून उठतात आणि साडेआठपर्यंत उंबऱ्यात उभे राहतात, तेव्हा उशीर रस्त्यानं केलेला नसतो.

म्हणून कोणत्या स्टेशनात दार किती सेकंद उघडं ठेवायचं, हे ठरवायचं काम सेकंदरावाकडे होतं. मार्गावर अठरा स्टेशनं. टोकाची दोन सोडली तर मधली सोळा. जाता-येता मिळून बत्तीस थांबे. प्रत्येक थांब्याला दार वीस सेकंद उघडं ठेवलं तर गाडी पूर्ण फेरी ऐंशी मिनिटांत मारते आणि सोळा गाड्यांत दर पाच मिनिटांना एक गाडी सोडता येते. गाड्या होत्या अठरा. त्यातली एक कायम दुरुस्तीला आणि एक अडीअडचणीला. म्हणजे हिशेब चपखल बसत होता. दारात एक सेकंद वाढवला की फेरीत बत्तीस वाढणार. सेकंदरावाला हे पाठ होतं आणि झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं. बायकोचं म्हणणं होतं की तो म्हणूनही दाखवायचा.

वीस हा आकडा हवेतून आलेला नव्हता. त्याची चाचणी झाली होती. आधी गाडीत वाळूच्या गोण्या भरल्या होत्या. नियम असा की एक प्रवासी म्हणजे पासष्ट किलो, म्हणून पासष्ट किलोची एक गोणी. अशा साडेनऊशे गोण्या घेऊन गाडी महिनाभर धावली, वळली, कचकन थांबली. शहराच्या जलद रेल्वेचे पहिले प्रवासी हेच. एकानंही तक्रार केली नाही, जागेवरून भांडण झालं नाही, दारात कोणी रेंगाळलं नाही. मग दाराच्या चाचणीसाठी खरी माणसं लागली, तेव्हा चालक-प्रशिक्षणाला आलेली साठ तरणीताठी मंडळी फलाटावर उभी केली. ती चौदा सेकंदांत चढली-उतरली. त्यात सहा सेकंद वर टाकून वीस केले. अहवालाच्या शेवटी ‘सर्व प्रकारच्या प्रवाशांचा विचार करून’ असं लिहिलं.

ते वाक्य सेकंदरावानंच लिहिलं होतं. लिहिलं त्या दिवशी घरी गेला, आणि आई खिडकीतून चौथ्या स्टेशनाच्या छपराकडे बघत बसलेली दिसली.

आई एक्क्याऐंशीची. तिची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, सोळाव्या स्टेशनाजवळ. धाकटीही शहात्तरची, पण आईच्या तोंडी ती अजून धाकटीच. दोघींची गाठ पडून चौदा महिने झाले होते. फोन होता, पण मावशीला ऐकू कमी यायचं. दोघी एकमेकींना ‘ऐकू येतंय का?’ एवढं चार वेळा विचारून फोन ठेवून द्यायच्या.

‘‘चौथ्यापासून सोळावं म्हणजे किती वेळ रे?’’ आईनं विचारलं.

‘‘पंचवीस मिनिटं.’’

‘‘गाडी बदलायची नाही ना?’’

‘‘नाही. सरळ एकच.’’

‘‘मग मी एकटी जाईन.’’

‘‘आई, मी सोडेन की तुला. रविवारी.’’

‘‘तू नको.’’

‘‘का?’’

‘‘तू पार्सल पोचवल्यासारखं नेतोस आणि समोर घड्याळ बघत बसतोस. मागच्या खेपेला धाकटी तिच्या सुनेचं सांगत होती, ते अर्ध्यावर राहिलंय. चौदा महिने मला कळलेलं नाही पुढे काय झालं ते.’’

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘सुनेचं ऐकायला जायचंय होय. मग त्यांनाही इकडच्या सुनेचं ऐकायला मिळेल.’’

‘‘ते फोनवर ओरडून सांगता येत नाही ना,’’ आई म्हणाली, ‘‘तू घरात असतेस.’’

दोघी हसल्या. सेकंदराव हसला नाही. तो आईच्या उजव्या मनगटाकडे बघत होता.

तीन वर्षांपूर्वी आई बसमध्ये चढत होती. एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर, बस निघाली. मनगट मोडलं, गुडघ्याला मार बसला, आणि त्या दिवसापासून आई एकटी घराबाहेर पडलेली नव्हती. चालकाची चूक नव्हती. चालक उशिरात होता, आणि उशिरात होता कारण त्याच्या दोन महिने आधी त्या मार्गाच्या वेळापत्रकातून थांब्यांचा वेळ छाटून सहा मिनिटं वाचवली गेली होती. ती सेकंदरावानं वाचवली होती. त्याबद्दल बस कंपनीनं त्याला प्रशस्तिपत्रक दिलं होतं, चौकटीत, काचेसकट. ते बाहेरच्या खोलीत लावलेलं होतं. आई दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी त्यानं ते काढून माळ्यावर टाकलं. भिंतीवर खिळा आणि जरा फिका चौकोन राहिला. आईनं कधी त्याबद्दल विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही, आणि घरात तीन वर्षं सगळे त्या भिंतीला सोडून बाकीच्या तीन भिंतींकडे बघत होते.

त्या रविवारी सेकंदरावानं बाहेरच्या खोलीत चाचणी घेतली. फरशीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्या, दाराच्या रुंदीइतक्या अंतरावर. दोन्ही बाजूंना खुर्च्या ठेवल्या; ते उभे प्रवासी. मधोमध गॅसचा रिकामा सिलिंडर. तो दारातून न हलणारा प्रवासी. बायकोला उतरणाऱ्या गर्दीचं काम दिलं.

‘‘अहो, मी एकटी गर्दी कशी होणार?’’

‘‘पिशव्या घे दोन्ही हातांत.’’

‘‘आणि धक्का मारू का?’’

‘‘मार थोडा.’’

‘‘कधीची वाट बघतेय,’’ बायको म्हणाली आणि पिशव्या आणायला गेली.

आई काठी घेऊन रेघेमागे उभी राहिली. सेकंदरावानं खिशातलं घड्याळ काढलं. ‘‘दार उघडलं,’’ तो म्हणाला.

आधी बायको पिशव्या घेऊन उतरली. मग आईनं काठी पुढे टाकली, डावा पाय उचलला, रेघ ओलांडली, थांबली, मागे वळली, बायकोकडे बघून म्हणाली, ‘‘येते हं.’’ मग पुन्हा पुढे वळली, सिलिंडरला म्हणाली, ‘‘जरा सरकता का?’’ आणि आत आली.

‘‘एकतीस सेकंद,’’ सेकंदराव म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

‘‘सिलिंडरनं वेळ घेतला,’’ आई म्हणाली.

‘‘आई, ते मागे वळून ‘येते हं’ म्हणायचं, त्यात सात गेले.’’

‘‘न सांगता जायचं?’’

‘‘गाडीत चढताना कोणाला सांगायचंय? फलाटावर तुझ्या ओळखीचं कोणी नसणार.’’

‘‘असेल तर?’’

सेकंदरावानं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. दुसऱ्यांदा एकोणतीस, तिसऱ्यांदा तेहेतीस. दाराचं तसं भय नव्हतं. दारात काही अडकलं की ते आपोआप मागे सरकून पुन्हा उघडतं. पुस्तिकेत पान चौदावर चित्रासह दिलेलं होतं. पण सेकंदरावाला माहीत होतं की दार चिमटत नसलं तरी डबा बघतो. शंभर माणसं एकदम वळून बघतात, वर लावलेल्या कर्ण्यातून बाई सांगते की कृपया दारात उभे राहू नका. एकदा असं झालं की आई पुन्हा गाडीत पाय ठेवणार नाही, आणि मावशीच्या सुनेचं पुढे काय झालं ते कधीच कळणार नाही.

‘‘तू एवढं मनावर घेऊ नकोस,’’ आई खुर्चीत टेकत म्हणाली. खुर्ची म्हणजे उभा प्रवासी होता, पण ते कोणी काढलं नाही. ‘‘आणि त्या खिळ्यावर कॅलेंडर तरी लाव. तीन वर्षं रिकामा आहे. त्या बसचं वेळापत्रक तूच केलं होतंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या चौकटीतल्या कागदावर मार्गाचा नंबर छापलेला होता की. मी वाचलं होतं, तू लावलंस त्या दिवशीच.’’

सेकंदरावानं घड्याळ खिशात ठेवलं, मग उगीचच पुन्हा बाहेर काढलं.

‘‘काही बोलली नाहीस.’’

‘‘काय बोलायचं? बस हलली तेव्हा मी कंडक्टरला सुट्टे विचारत होते. माझंही चुकलंच.’’

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सेकंदरावानं आयुष्यातला पहिला खोटा आकडा लिहिला. चौथ्या आणि सोळाव्या स्टेशनापुढे विसाच्या जागी पस्तीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘फलाटास वक्रता.’ फलाट वळणावर असला की गाडी आणि फलाट यांत फट पडते, लोक जपून चढतात, वेळ जास्त द्यावा लागतो. हे शास्त्राला धरूनच होतं. चौथं स्टेशन खरोखरच जरासं वळणावर होतं. म्हणजे दोरी लावून, डोळा मिटून, मान कलती करून बघितलं तर. सोळावं मात्र शाळेच्या पट्टीसारखं सरळ होतं.

तक्ता मुख्य अभियंत्यांकडे गेला. साहेब कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या केबिनमध्ये पाहुण्यांसाठी खुर्ची नव्हती, कारण बसलेला माणूस जास्त बोलतो असं त्यांचं मत होतं. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन्सिल चारवर ठेवली.

‘‘तुम्ही राहता कुठे?’’

‘‘चौथ्याजवळ, साहेब.’’

पेन्सिल सोळावर गेली. ‘‘आणि इथे?’’

‘‘मावशी.’’

‘‘जाणार कोण?’’

‘‘आई. एक्क्याऐंशी. काठी आहे.’’

साहेबांची पेन्सिल तक्त्यावरून हळूहळू वर-खाली फिरली. सेकंदरावानं मोजलं नाही, पण त्याच्या सवयीनं मोजलं गेलंच : बावीस सेकंद.

‘‘अकरावं सरळ आहे?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘हो साहेब. एकदम सरळ.’’

‘‘नीट बघा एकदा. तिथे माझ्या सासूबाई असतात. दोन्ही गुडघे बदललेत. मला तिथे वक्रता वाटते.’’

सेकंदरावानं तिथेच उभ्या उभ्या अकराव्या स्टेशनाला वक्रता दिली.

अशा गोष्टी कचेरीत दाबून राहत नाहीत. दुपारपर्यंत सिग्नल विभागाच्या बाई त्याच्या टेबलाशी आल्या. या बाई हिशेबाला इतक्या पक्क्या की चहावाल्यालासुद्धा अर्ध्या कपाचे पैसे अर्धेच द्यायच्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं.

‘‘सेकंदराव, सातव्याचं काय?’’

‘‘सातव्याचं काय, बाई?’’

‘‘काही नाही. माझे वडील तिथे आहेत. पक्षाघातानंतर एक पाय ओढत चालतात. पण तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी आपलं तांत्रिक विचारलं.’’

सातवं वळलं. मग दारं बसवणाऱ्या पथकाचा प्रमुख आला. त्याची बायको आठव्या महिन्यात होती आणि तिचं माहेर तेराव्याला. आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाची मोठी बहीण पाचव्याला राहायची, तिला दिसत कमी होतं. शिपाई आला. नुसता चहा ठेवून उभा राहिला. ‘‘बोल,’’ सेकंदराव म्हणाला. ‘‘दहावं,’’ शिपाई म्हणाला. ‘‘कोण?’’ ‘‘मीच. पण निवृत्त झाल्यावर.’’

आठवड्यात मधल्या सोळापैकी पंधरा फलाटांना वक्रता आली. एकटं नववं सरळ उरलं, कारण तिथे कोणाचं कोणी नव्हतं.

आता स्थापत्य विभागाला ही बातमी कळली. त्या विभागाच्या अभियंत्यानं सगळे फलाट स्वतः बांधून घेतले होते, लेसरच्या किरणानं मोजून, आणि मिलिमीटरचासुद्धा फरक राहू दिला नव्हता. तो तक्ता हातात घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. सेकंदरावही मागोमाग गेला, कारण गुन्हेगाराला बाहेर थांबवत नाही.

‘‘साहेब, हे काय आहे? पंधरा फलाट वाकडे? मी काय डोळे मिटून बांधले?’’

‘‘तुमच्या घरी कोण कोण असतं?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘मी एकटाच असतो. त्याचा काय संबंध?’’

‘‘मग तुम्हाला नाही दिसायचं.’’

अभियंता दोन दिवस इकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सेकंदरावाच्या टेबलाशी आला, खुर्ची ओढली, बसला नाही.

‘‘नववं,’’ तो म्हणाला. ‘‘मला शाळेत गणित शिकवलं त्या बाई तिथे राहतात. नव्वदीच्या आहेत. मला विसरल्याही असतील.’’

‘‘वक्रता लिहू?’’

‘‘थोडीच लिहा,’’ अभियंता म्हणाला. ‘‘गणिताच्या बाई आहेत.’’

थोडी वक्रता लिहायची सोय तक्त्यात नव्हती. पस्तीसच लिहिले.

आता हिशेब असा झाला की बत्तीस थांब्यांना पंधरा-पंधरा सेकंद म्हणजे आठ मिनिटं. फेरी ऐंशीची अठ्ठ्याऐंशी. सोळा गाड्यांत भागलं तर पाच मिनिटांऐवजी साडेपाच मिनिटांना एक गाडी. पाचचाच हट्ट धरला तर राखीव गाड्याही रुळावर काढाव्या लागणार, आणि मग एक जरी बिघडली तरी सगळा खोळंबा. साहेबांनी साडेपाचवर सही केली. टिपणात लिहिलं गेलं : ‘मार्गावरील सर्व मधल्या फलाटांना वक्रता असल्याचे निदर्शनास आल्याने.’ बाहेरून आलेले सल्लागार होते, ज्यांनी जगभर चौदा शहरांत जलद रेल्वे सुरू करून दिली होती. त्यांनी हे टिपण वाचलं आणि विचारलं की सोळाही फलाट वळणावर असतील तर मार्ग गोल कसा झाला नाही. साहेब म्हणाले, काही डावीकडे आहेत, काही उजवीकडे. सल्लागारांनी ते लिहून घेतलं.

पुस्तिका चाळीस हजार प्रतींत आधीच छापून झाली होती. तिच्यात ‘दर पाच मिनिटांनी’ होतं. त्यावर चिकटवायला ‘साडेपाच’ अशा चाळीस हजार चिठ्ठ्या छापल्या. त्या चिकटवायला माणसं मिळाली नाहीत, म्हणून शेवटी चिठ्ठ्या पुस्तिकेसोबत सुट्ट्या दिल्या.

उद्घाटन झालं. फीत कापली, भाषणं झाली, वेळेच्या महत्त्वावरचं मुख्य भाषण पन्नास मिनिटं उशिरा सुरू झालं. आईनं गर्दी ओसरेपर्यंत आठवडाभर वाट बघितली. मग एका बुधवारी सकाळी अकरा वाजता ती निघाली. पिशवीत मावशीसाठी विणलेला स्वेटर, भिंग, दोघींची औषधं आणि पाण्याची बाटली. सेकंदरावाची बायको स्टेशनाच्या लिफ्टपर्यंत आली, तिथून पुढे आईनं तिला येऊ दिलं नाही.

सेकंदराव नियंत्रण कक्षात होता. एका भिंतीवर सगळ्या फलाटांची चित्रं दिसायची. आवाज यायचा नाही. त्यानं चौथ्याचं चित्र मोठं केलं. साहेब सहज म्हणून आले आणि मागे उभे राहिले. सिग्नलच्या बाईही सहज आल्या.

चित्रात आई फलाटावर उभी होती. पिवळ्या रेघेच्या मागे, काठी सरळ. गाडी दिसायच्या आधी ती बाजूला उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. रक्षकानं गोंधळून मान हलवली. गाडी आली. दार उघडलं. दोन माणसं उतरली. आईनं काठी पुढे टाकली, पाय टाकला, दुसरा टाकला, आत गेली आणि बसली.

‘‘नऊ,’’ सेकंदराव म्हणाला.

‘‘काय नऊ?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘नऊ सेकंद.’’

दार उघडंच होतं. आणखी सव्वीस सेकंद उघडं राहायचं होतं. डब्यातली माणसं रिकाम्या फलाटाकडे बघत होती. फलाटावरचा रक्षक डब्याकडे बघत होता. कोणी येत नव्हतं, कोणी जात नव्हतं. सिग्नलच्या बाई खाकरल्या. शेवटी दार बंद झालं.

सेकंदरावानं घरी फोन लावला.

‘‘अगं, आई नऊ सेकंदांत चढली.’’

‘‘हो. नऊच लागतात आता,’’ बायको म्हणाली. ‘‘दुपारी तुम्ही कचेरीत असताना आम्ही रोज करायचो. त्यांनी युक्ती काढली, निरोप आधीच घ्यायचा, दार उघडायच्या आधी. कोणी नसलं तर जो असेल त्याचा.’’

‘‘मग मला सांगितलं का नाही?’’

‘‘आई म्हणाल्या, त्याला नको सांगू. तो कधी नव्हे ते सेकंद वाढवतोय, वाढवू दे.’’

सेकंदरावानं फोन खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीवर मधले सोळाही फलाट होते, सगळे सरळ. पाचव्यावर एक बाई पांढरी काठी टेकत शांतपणे चढत होती. सातव्यावर एक म्हातारा एक पाय ओढत निघाला होता, आणि दारातला तरुण मुलगा मोबाइलमधून मान न काढता त्याच्यासाठी बाजूला झाला. घाई कोणालाच नव्हती. सिग्नलच्या बाई त्या चित्राजवळ गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे नाहीत. पण असेच चालतात.’’

सोळाव्यावर मावशी आधीच येऊन बसली होती. तिलाही कोणाच्या हातचं पार्सल व्हायचं नव्हतं. घर स्टेशनाला लागूनच, म्हणून ती एकटी आली होती. फलाटावर यायचं तर तिकीट लागतं म्हणून पुढच्या स्टेशनाचं तिकीट काढून आत शिरली होती. गाडी थांबली. आई उतरली; तिथेही अकराच सेकंद लागले. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मावशीनं आईचं मनगट धरलं, उलटंसुलटं करून बघितलं. मग दोघी बाकावर बसल्या आणि आईनं तोंड मावशीच्या कानाशी नेलं.

‘‘झालं,’’ साहेब म्हणाले आणि डोळे पुसायला नव्हे, चष्मा पुसायला बाहेर गेले. सेकंदराव त्या दिवशी पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायला.

नंतर कामं होती. एका गाडीचा पंखा बंद पडला, दहाव्यावर कोणाची छत्री हरवली, शिपायानं निवृत्तीला किती महिने उरलेत ते सांगितलं. मधूनमधून सेकंदराव सोळाव्याकडे नजर टाकायचा. बाकावर दोघी तशाच होत्या. साडेपाच मिनिटांनी एक गाडी यायची, पस्तीस सेकंद दार उघडं ठेवून त्यांची वाट बघायची आणि निघून जायची. दोघींनी एकाही गाडीकडे बघितलं नाही. पिशवीतून बाटली निघाली, स्वेटर निघाला, मावशीनं तो अंगाला लावून बघितला. एकदा आई इतकी हसली की काठी खाली पडली आणि सुरक्षारक्षकानं उचलून दिली. सुनेचं पुढे बरंच काही झालेलं असणार.

पावणेतीन वाजता फोन आला.

‘‘अरे,’’ आई म्हणाली, ‘‘धाकटीच्या घरी जायला निघालो, तर बाहेरचं फाटक उघडत नाहीये. तिचंही नाही आणि माझंही नाही. तिकीट टेकवलं की लाल दिवा लागतो. मागे रांग झालीय.’’

‘‘किती वाजता आत गेला होतात?’’ असं सेकंदरावानं विचारलं नाही, कारण त्याला माहीत होतं.

तिकिटाची मुदत नव्वद मिनिटांची असते. त्याहून जास्त वेळ फलाटावर थांबणाऱ्या प्रवाशाला दंड होतो. पुस्तिकेत पान एकवीसवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.